कारवानीचा वाटा

मराठीत कुत्र्याला हाकलण्यासाठी जो शब्द आहे, तोच त्याच्या सर्वांत आवडत्या वस्तूचाही आहे. ‘हाड!’ म्हटले की कुत्रे शेपूट घालून मागे सरते आणि हाड दिसले की पुढे येते. दोन्हींची व्युत्पत्ती वेगळी असेलही, तो वाद भाषापंडितांनी घालावा. जवळ बोलावायला ‘यू यू’, अंगावर सोडायला ‘छू’ आणि दूर घालवायला ‘हाड’: कुत्र्याशी बोलण्याची आपली शब्दसंपत्ती जवळजवळ एवढ्यातच संपते. त्यात कुत्र्याने एखादी गोष्ट बरोबर केली तर काय म्हणायचे, याला शब्द नाही.

अलीकडे नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींतही कुत्र्याला शिकवणारे लोक येऊ लागले आहेत. कमरेला खाऊची थैली, हातात टिकटिक करणारे छोटे यंत्र. कुत्रे बसले की टिक, आणि लगेच बिस्किटाचा तुकडा. मारायचे नाही, ओरडायचे नाही, साखळीला हिसका द्यायचा नाही. ही पद्धत अमेरिकेतून आली आणि अगदी नवी आहे, असे तिचे वर्णन केले जाते. तिचे शास्त्र अमेरिकेत बांधले गेले हे खरेच. पण ज्या मुलखात कारवानीसारखी कुत्र्याची जात शेकडो वर्षे टिकून राहिली, तिथल्या माणसांनी ती काय फक्त काठीच्या जोरावर कामाला लावली असेल? सशामागे सुटलेल्या कुत्र्यापर्यंत काठी पोचत नाही. एवढ्या एका साध्या शंकेने मी या विषयाच्या मागे लागलो.

कारवानी म्हणजे उंच, सडपातळ, खोल छातीचे, पोट आत गेलेले, लांब निमुळत्या तोंडाचे कुत्रे. ते वासावर नव्हे, नजरेवर शिकार करते. भारतीय केनेल क्लब त्याला कॅरॅव्हान हाउंड म्हणतो, कर्नाटकात ते मुधोळ म्हणून ओळखले जाते. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि तिची एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असे सांगितले जाते. राजाचा आधार मिळाला म्हणून मुधोळचे नाव झाले. २००५ साली टपाल तिकीटही निघाले. आपल्याकडे, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातले जानवळ आणि त्याच्या आसपासची गावे, नांदेडकडचा कंधार-लोह्याचा माळ, इथे ही जात कुणा राजाशिवाय राहिली. ती शेतकऱ्यांनी, धनगरांनी आणि तांड्यांनी राखली. कारवानी हे नावच ‘कारवाँ’वरून पडले. धान्य-मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या बैलांच्या तांड्यांबरोबर ही कुत्री असत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांनी दख्खनच्या ज्या ‘ब्रिंजारी’ कुत्र्यांविषयी लिहिले आहे, ती त्यांच्याच गोतातली म्हणायला हरकत नाही.

कुत्र्याला मान देण्याची गोष्ट या भागाला नवी नाही. लातूर हे राष्ट्रकूटांचे मूळ गाव. त्यांच्या बिरुदावलीत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणून ते येते. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख मिळाला आहे. त्या कृष्णाशी जोडलेला आणखी एक लेख दूर दक्षिणेत, मंड्या जिल्ह्यातल्या अतकूर इथे सापडला. तो मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. सन ९४९मध्ये तक्कोलमच्या लढाईत कृष्णाच्या सैन्याशी लढताना चोळांचा राजादित्य मारला गेला. त्यात गंग राजा बूतुग कृष्णाच्या बाजूने लढला, आणि बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. पराक्रमाबद्दल काय हवे ते माग म्हटल्यावर या मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने अतकूरच्या देवळापुढे काळीच्या स्मरणार्थ दगड उभा केला आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. एका साम्राज्याच्या मोठ्या विजयाची हकीकत आणि एका कुत्र्याचे मरण एकाच शिळेवर, एकाच गांभीर्याने नोंदलेले आहे.

त्यानंतर दोनेक शतकांनी कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंगा-औराद शहाजानीकडून सीमा ओलांडली की जवळच. मराठीचे अभ्यासक या ग्रंथाकडे जातात ते त्यातल्या मराठी गीतांच्या आणि कांडताना म्हटल्या जाणाऱ्या ओवीच्या उल्लेखासाठी. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींचे प्रकरण आहे आणि त्यात ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांच्या शिकारीचा स्वतंत्र भाग आहे. त्याच्या लगतच ‘श्येनविनोद’, ससाण्यांच्या शिकारीचा. ही शेजारणी मला अर्थपूर्ण वाटते. ससाण्याला मारून काही शिकवता येत नाही. एकदा फटका बसला की तो उडून जातो तो परत येत नाही. त्याला हातावर परत आणायचे असेल तर एकच मार्ग: हातावर मांस आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. जगातली सारी बाजदारी या एका गोष्टीवर उभी आहे. राजाच्या ज्या शिकारखान्यात एका दालनात हे ज्ञान रोज वापरले जात होते, तिथल्या शेजारच्या दालनातली माणसे त्यापासून अनभिज्ञ होती असे मानणे कठीण आहे.

चित्त्यांचेही तेच. कोल्हापूरच्या दरबारातले चित्तेवान प्रसिद्ध होते. भारतात चित्त्याने काळवीट पाडले की त्याला हिसकून ओढत नसत. शिकारीचे रक्त लाकडी पळीत घेऊन त्याच्या तोंडाशी धरत. तो पळीकडे वळला की डोळ्यांवर टोपी चढे आणि त्याचा भाग त्याला मिळे. जनावराने केलेल्या कामाचा मोबदला तिथेच, त्याच क्षणी द्यायचा, हे तत्त्व त्या पळीत आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्येही शिकारी कुत्र्यांना हरणाच्या कातड्यावर त्यांचा भाग वाढण्याचा रिवाज होता. इंग्रजीत भक्ष्याला ‘क्वारी’ म्हणतात तो शब्द या रिवाजातूनच आला.

माळावरच्या शेतकऱ्याकडे पळी नव्हती, पण वाटा होता. चाकूर आणि लोहा या दोन्ही तालुक्यांत कारवानी पाळणाऱ्या जुन्या माणसांशी मी बोललो तेव्हा ‘शिकवणे’ हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आला नाही. ‘लागतंय’ म्हणत. पिल्लू आईमागे रानात नेले की ते ‘लागतंय’. पहिल्या दिवसांत पिल्लाने फक्त पळायचे, पकडायचे ते थोरल्या कुत्र्याने. पण ससा फाडला की काळीज-आतडी तिथेच मातीत कुत्र्यांपुढे टाकायची आणि त्यात पिल्लाचाही वाटा काढायचा, मग त्याने काही केलेले असो वा नसो. घरी आणून वाटा दिला तर कुत्रे बिघडते, असे एका वृद्धाने सांगितले. का, असे विचारल्यावर तो हसला. “त्याला काय कळंना, कशाचा दिला ते?” मानसशास्त्राचे प्राध्यापक कृती आणि बक्षीस यांतला काळ कमीत कमी हवा असे म्हणतात, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही.

ही माणसे मारत नव्हती असा याचा अर्थ नाही. शेळीच्या मागे लागलेल्या कुत्र्याला त्यांनी बेदम चोपलेले आहे. पिल्लांचे कान कापण्याची रीत अजूनही पुरती गेलेली नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की जिथे कुत्र्याकडून खरे कौशल्य हवे होते, तिथे काठी वापरलेली नव्हती. काठी होती ती नको ते थांबवायला.

या वाट्याला धर्मातही जागा आहे. खंडोबाच्या मागे कुत्रे असते. घोड्यावरचा देव, जवळ म्हाळसा किंवा बाणाई आणि पायाशी कुत्रा, हे टाक घराघरांत आहेत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यात खंडोबाच्या घरी कुत्र्याचा घास काढतात. खंडोबाचा वाघ्या तर स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतो. कोटंबा भरताना भुंकत त्यातले अन्न तोंडाने खाण्याचा विधी गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी नोंदवलेला आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, गाढवे, उंट यांच्या त्या मोठ्या बाजारात नांदेड जिल्हा परिषदेतर्फे घोडे आणि कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. देवाच्या यात्रेत कुत्र्याला क्रमांक मिळतो, हे बाहेरच्यांना गमतीचे वाटते. तिथल्या माणसाला त्यात गंमत दिसत नाही.

मग काठी आली कुठून? ती नेहमीच होती, पण तिला शास्त्राचा दर्जा मिळाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९०६पासून सरकारी कामासाठी कुत्री तयार केली आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. गळ्यातल्या पट्ट्याचा हिसका, सक्ती, आणि धन्याचा वरचष्मा यांवर त्याची इमारत उभी आहे. बक्षिसाला त्यात जागा आहे, पण सक्तीनंतर. पहिल्या महायुद्धाने ही पद्धत जगभरच्या लष्करांत आणि पोलिसांत पसरवली. इंग्रजीत तर कुत्र्याला तयार करण्याला ‘मोडणे’ अशा अर्थाचाच शब्द होता. गंमत अशी की १८४८ साली हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्याच नावाच्या पुस्तकात चाबकाचा अतिरेक नको, खाऊ द्या, असे सांगितले होते. त्याचे ऐकले थोड्यांनी. आपल्याकडचा ‘वठणीवर आणणे’ हा वाक्प्रचार जणू मोस्टसाठीच तयार होता. तो पोलीस कवायतीच्या मैदानावर रुजायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेत थॉर्नडाइकने १८९८मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवले, की ज्या कृतीचा शेवट सुखद होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. बी. एफ. स्किनर याने त्यावर मोठे शास्त्र रचले. १९५१ साली त्याने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात कुत्र्याला शिकवण्याची रीत आहे: एक टिकटिकणारे खेळणे घ्या, ते वाजले की लगेच खाऊ द्या, मग त्या आवाजाने हवी ती कृती नेमकी टिपा. आज नांदेडच्या वसाहतीत जे वाजते ते हेच खेळणे. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड या जोडप्याने ही पद्धत व्यवसायात आणली आणि कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत अनेक जातींचे हजारो प्राणी शिकवले.

पण ब्रेलंडांचे खरे मोठेपण मला त्यांच्या १९६१च्या लेखात दिसते. आपली पद्धत कुठे फसते ते त्यांनी त्यात लिहिले. नाणे उचलून डब्यात टाकायला शिकवलेले रॅकून काही दिवसांनी नाणी एकमेकांवर घासत बसू लागले. डुकरे नाणे डब्याकडे नेण्याऐवजी नाकाने जमिनीत उकरू लागली. खाऊ डब्यात टाकल्यावरच मिळत होता, उशीर केल्याने तोटाच होता, तरीही. जन्मजात वळण बक्षिसाला मागे सारून वर येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा लेख वाचताना मला सारखा कारवानी आठवत होता. शहरात या जातीविषयी तक्रार असते, की हे कुत्रे ‘शिकत नाही’. बस म्हटले तर बसते, पण शंभर पावलांवर काही हलले की तुमचे बिस्किट, तुमची टिकटिक, तुमचे नाव, सगळे विसरून जाते. त्याच्यासाठी धावणे हे बक्षिसासाठी करायचे काम नाही. धावणे हेच त्याचे बक्षीस आहे.

पोलिसांकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. महाराष्ट्र पोलिसांची कुत्री पुण्याला शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार होत आली. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर गाजलेला ‘झंजीर’ हा लॅब्राडॉर तिथलाच. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद आहे. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलीस इतमामाने निरोप दिला गेला. आपल्या शेजारच्या बीड पोलिसांच्या ‘रॉकी’ने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्याचा उल्लेख झाला. अशा कुत्र्यांच्या कामात काठी निरुपयोगी ठरते, आणि त्याचे कारण दयाबुद्धीपेक्षा व्यावहारिक आहे. कुत्र्याला जो वास येतो तो माणसाला येत नाही. म्हणजे काम चालू असताना धन्याला उत्तर ठाऊक नसते, कुत्र्यालाच ठाऊक असते. माराला भ्यालेले कुत्रे धन्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देईल, आणि ते उत्तर चुकले तर माणसे मरतील. म्हणून स्फोटकाचा वास म्हणजे आवडता चेंडू, अशी सांगड त्याच्या मनात घातली जाते. त्याच्या लेखी तो दिवसभर चेंडूच शोधत असतो. ढिगाऱ्याखालची माणसे शोधणाऱ्या कुत्र्यांचेही असेच. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ‘रोमिओ’ आणि ‘ज्युली’ या कुत्र्यांनी सहा वर्षांची एक मुलगी जिवंत असल्याचे दाखवून दिले. हे दल २००६चे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी कोसळली तेव्हा ते अस्तित्वात नव्हते. त्या पहाटेनंतरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या सगळ्या पथकांत लॅब्राडॉर, डॉबरमन, अल्सेशियन प्रामुख्याने असतात, कारवानी नसतो. त्याला चेंडूचे फारसे कौतुक नाही आणि परक्या माणसाच्या स्पर्शाचे तर मुळीच नाही. लष्कराने अलीकडे मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्ले नेऊन पाहिली आहेत. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने ज्या तीन देशी श्वानजातींची प्रथम नोंद केली त्यांत राजपालयम आणि चिप्पीपराई या तमिळनाडूच्या, आणि तिसरी मुधोळ, कर्नाटकाच्या खात्यावर. लातूर-नांदेडच्या कारवानीचे नाव त्या यादीत नव्हते. देवणी गाय आणि लाल कंधारी यांच्या रूपाने याच दोन जिल्ह्यांची नावे गाईंच्या यादीत आहेत, कुत्र्याला मात्र ते भाग्य लाभले नाही.

त्याचे काम तर आधीच गेले होते. १९७२ हे साल मराठवाड्याला आठवते ते दुष्काळासाठी. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हे कुणाच्या गावीही नव्हते. ससे, काळविटे मारणे गुन्हा ठरले. तो कायदा योग्यच होता. माळावरची काळविटे आज दिसतात ती त्याच्यामुळे. पण त्या कायद्याने कारवानीला बेकार केले, आणि त्याची दखल घ्यायला कुणी नव्हते. आता पिल्लू विकले जाते ते शेतातल्या बंगल्याची राखण करायला. ताशी कित्येक मैल धावण्यासाठी घडलेले ते शरीर दोन मीटरच्या साखळीवर उभे राहते. मग ते भुंकते, कुरतडते, गळ्याला जखमा करून घेते. मग मालक म्हणतो, हे वठणीवर येत नाही, आणि काठी घेतो. टिकटिक यंत्र घेऊन आलेला शिक्षक त्याला बसायला शिकवतो. ते त्याला आधीपासूनच, फार नको इतके, येत असते.

चाकूर तालुक्यात एका शेतकऱ्याने यावर आपल्यापुरता मार्ग काढलेला पाहिला. हरभरा निघाल्यावर रिकाम्या रानात तो संध्याकाळी मोटारसायकलमागे लांब दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून वेड्यावाकड्या फेऱ्या मारतो. बोळ्याला बोकडाची जुनी कातडी शिवलेली आहे. तीन कुत्री सुटतात तेव्हा मागे नुसती धूळ राहते. पोर ओरडते, “पकडलं!” गाडी थांबते, आणि तिथेच ढेकळांत बसून तो फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि उकडलेल्या कोंबडीचे पाय वाटतो. ज्याने बोळा धरला त्याला आधी, मग बाकीच्या दोघांना. बांधावर एक म्हातारी कुत्री बसलेली असते. मागच्या पायात अधू, ती आता पळत नाही. वाटप सुरू झाले की ती उठून सावकाश येते आणि त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहते. तिचा वाटा त्याने फडक्याच्या कोपऱ्यात वेगळा बांधून आणलेला असतो.